होलसेल की एजन्सी? ई-बुकचा भाव नक्की कोण ठरवतं

बेळगावात मराठी पुस्तक पाहिजे झालं की बरेचदा पुण्या-कोल्हापूरहून मागवायला लागतं, म्हणून खानापूर-निपाणीकडची पोरं पण आता मोबाईलवर ई-बुक घेतात, आणि मग ओरड ठरलेली, छापील पुस्तक सुटीत मिळतंय आणि ई-बुकवर एक पैसा कमी नाही, ॲपवाले लुटूलेत.

थांबा की जरा. ई-बुक विकायच्या दोन पद्धती आहेत, होलसेल आणि एजन्सी, आणि दोन्हीत पैसे दुकानदारालाच द्यायचे असतात म्हणून गल्लत होते.

होलसेलमध्ये प्रकाशक दुकानदाराला ठराविक भावानं माल विकतो, बरेचदा छापील किमतीच्या निम्म्याला, पुढं कितीला विकायचं ते त्याचं तो बघतो, तोट्यात विकलं तरी प्रकाशकाचे पैसे पोचलेले. एजन्सीत दुकानदार म्हणजे मार्केट यार्डातला दलाल, कमिशन घेणार, भाव मालवाला सांगणार (यार्डात शेतकऱ्याला कोण भाव सांगू देतंय, ते सोडा).

खरी गंमत अमेरिकेत झाली. ॲमेझॉन नव्या बेस्टसेलरचं ई-बुक ९.९९ डॉलरला विकायचं, हार्डकव्हर २६ डॉलरचं असलं तर प्रकाशकाला साधारण १३ देऊन, म्हणजे कॉपीमागं ३ डॉलर पदरचे. तरी प्रकाशकांच्या पोटात गोळा, लोकांना ९.९९ चीच सवय लागली तर छापील कोण घेणार? मग २०१० ला ॲपलनं आयपॅडबरोबर ३० टक्के कमिशनची एजन्सी आणली, पाच मोठे प्रकाशक तिकडं वळले, बऱ्याच पुस्तकांचा भाव १२.९९ वर गेला. आता हिशेब करा, त्याचे ७० टक्के म्हणजे ९ डॉलर, आधी मिळत होते १३! गिऱ्हाईकाला महाग, प्रकाशकाला कमी, आणि तरी त्यांनी हेच मागून घेतलं, कारण भाव ठरवायचं आपल्या हातात आलं. त्या पाचातलं मॅकमिलन ॲमेझॉनकडं पण एजन्सीच पाहिजे म्हणून अडून बसल्यावर ॲमेझॉननं त्यांच्या पुस्तकांची खरेदीची बटणंच काढून टाकली, पण शेवटी नमतं घ्यावं लागलं. २०१२ ला सरकारनं संगनमताचा खटला भरला, २०१३ ला ॲपल हरलं. एजन्सी मात्र बेकायदा ठरली नाही, सगळ्यांनी मिळून केलेलं साटंलोटं ठरलं, त्यामुळं मोठे प्रकाशक नंतर परत एजन्सीवरच आले.

तेव्हा ई-बुकच्या पानावर किंमत प्रकाशकानं ठरवली असं लिहिलेलं दिसलं तर ॲपला शिव्या घालून काय उपयोग नाही. आपल्याकडं वर टॅक्सचं वेगळंच, छापील पुस्तकाला जीएसटी शून्य, ई-बुकला २०१८ पासून ५ टक्के, ते पण त्याची छापील आवृत्ती असली तर, नसली तर सरळ १८.