‘तात्पर्य’ गळालं कसं? मिळूनमिसळून राहायला शिकवणाऱ्या चित्रपुस्तकांची पार्श्वभूमी

गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ हवंच, ही सवय आपल्याला इसापनीतीनं लावली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ती १८२८ साली मराठीत आणली. त्याआधी पंचतंत्र होतंच. त्याचं पहिलं तंत्र ‘मित्रभेद’, दुसरं ‘मित्रसंप्राप्ती’. पण तो शहाणपणा राजपुत्रांसाठी होता. खेळण्यावरून भांडणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला त्याचा काय उपयोग?

इतक्या लहान मुलासाठी पुस्तक शोधायला फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश होफमान १८४४च्या नाताळात बाजारात गेले. एकही पसंत पडेना, म्हणून कोरी वही आणून त्यांनी स्वतःच चित्रं काढली, पद्यं लिहिली. पुढच्या वर्षी छापलं गेलेलं हे पुस्तक ‘स्ट्रुवेलपीटर’ नावानं गाजलं. त्यात तीन मुलं एका काळ्या मुलाला चिडवतात, तेव्हा धिप्पाड निकोलस त्यांना उचलून शाईच्या दौतीत बुडवतो. चिडवू नये हा धडा खरा, पण काळं होणं हीच शिक्षा ठरवली की ज्याची थट्टा झाली त्याच्याच रंगाला पुन्हा नावं ठेवल्यासारखं होतं. होफमानना हे जाणवलं नसावं.

आपल्याकडे उपदेशाला ठाम विरोध गुजरातमधल्या भावनगरात झाला. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. गोष्ट आनंदासाठी सांगावी, तिच्या शेपटीला बोध बांधू नये, असा त्यांचा आग्रह. ताराबाई मोडक त्यांच्यासोबत काम करून पुढे महाराष्ट्रात आल्या आणि बोर्डी-कोसबाडला त्यांनी बालवाड्या उभारल्या.

चित्रानंच सगळं सांगायचं, हे धाडस चित्रकार लिओ लिओनी यांनी केलं. रेल्वेत कंटाळलेल्या नातवंडांसाठी त्यांनी मासिकाच्या पानांचे कपटे फाडले, एक निळा, एक पिवळा. दोघे मित्र मिठी मारतात आणि हिरवे होतात. मग आईबापच ओळखत नाहीत! त्यातूनच झालेल्या ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’ या १९५९च्या पुस्तकात कुणाला नाक-डोळेसुद्धा नाहीत.

तरी तात्पर्य परतलंच. मार्कुस फिस्टर यांच्या ‘द रेनबो फिश’ या १९९२च्या चित्रपुस्तकातला मासा आपले चमचमते खवले वाटून मित्र मिळवतो. जगभर खपलेल्या या पुस्तकावर अनेकांचा आक्षेप आहे: दोस्तीसाठी अंगावरचं काढून द्यायचं? मलाही तो पटतो.

मराठीत रंगीत छपाईचा खर्च ही जुनी अडचण, त्यात “एवढ्या पैशांत दहाच वाक्यं?” हा पालकांचा प्रश्न. तरीही माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत घरातली साधी माणसंच गोष्ट होतात. २०१५मध्ये प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेनं ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर चित्रकथा मोफत खुल्या केल्या, त्यांत मराठीही आहे. शेवटच्या पानावर तात्पर्य नसलं, तरी “मग काय शिकलास?” असं विचारणारा मोठा माणूस शेजारी बसलेला असतोच.