पुरुषांची लैंगिक आरोग्य तपासणी वस्तीपर्यंत कशी आली

गरमी (उपदंश किंवा सिफिलिस) आणि परमा (गोनोरिया) हे लैंगिक संबंधातून पसरणारे रोग पुरुषांना होतात, हे मराठी मुलखात सगळ्यांना ठाऊक होते. तरी सरकारने तपासणी सुरू केली ती बायकांपासून. १८६४च्या कँटोन्मेंट कायद्याने छावणीजवळच्या वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी आणली. १८६८च्या सांसर्गिक रोग कायद्याने तीच पद्धत शहरांत लागू झाली, मुंबईतही. रोग आढळला की बाईला लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांसाठीच्या खास रुग्णालयात, डांबत. तिच्याकडे येणारे गिऱ्हाईक मात्र मोकळे राही. तो कायदा १८८८ साली रद्द झाला, पण तपासायचे ते बाईला, ही सवय पुढे शंभर वर्षे टिकली.

पुरुषांशी या विषयावर उघड बोलणारा माणूस मराठीत होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यात गुप्तरोगांवर ते शास्त्रीय भाषेत, न लाजता लिहीत. अश्लीलतेचे खटले त्यांनी सोसले. १९३४च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण एकट्याच्या बळावर चाललेले मासिक किती जणांपर्यंत पोहोचणार? बाकीच्यांसाठी उरल्या त्या भिंतींवरच्या आणि पुढे लोकल गाड्यांतल्या ‘गुप्तरोग, मर्दानी ताकद’वाल्या जाहिराती. १९५४च्या कायद्याने अशा जाहिरातींना बंदी केली, तरी त्या गेल्या नाहीत. रोग्याची लाज हेच ज्यांचे भांडवल, त्यांच्या हाती आपण पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांना सोडून दिले, याचा मला मनापासून राग येतो.

पेनिसिलीनमुळे १९४०च्या दशकात उपदंश बरा करणे सोपे झाले. अडचण उरली ती रोगी ओळखण्याची. गरोदर बाईचे रक्त उपदंशासाठी तपासायची पद्धत रुळली. निदान त्या निमित्ताने तिची तपासणी होते. धडधाकट पुरुषाच्या आयुष्यात असा प्रसंगच येत नाही. त्यातून सरकारी ओपीडी सकाळची, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा ठरलेला. शिवाय अनेकांना काही त्रासच जाणवत नाही, मग रांगेत उभे राहायचे कशासाठी?

एचआयव्ही आला तेव्हाही जुनेच वळण दिसले. १९८६ साली चेन्नईत देशातले पहिले रुग्ण सापडले ते देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ततपासणीत. १९९२ साली ‘नॅको’ ही केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली आणि हळूहळू नजर पुरुषांकडे वळली: ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष. मुंबईत १९९४ साली अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने समलिंगी पुरुषांसाठी काम करणारा ‘हमसफर ट्रस्ट’ उभा राहिला. समलिंगी संबंध तेव्हा कलम ३७७ खाली गुन्हा होते. अशा माणसाने सरकारी दवाखान्यात जाऊन खरे सांगावे, ही अपेक्षाच चूक होती. आपल्यातलाच कोणी सोबत येतो, तेव्हा माणूस तपासणीला तयार होतो, हे अशा संस्थांनी दाखवून दिले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हाच.

२००३ पासून ‘आवाहन’ या एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पाने महाराष्ट्रासह सहा राज्यांत काम केले. त्यात महामार्गांवरच्या थांब्यांवर ट्रकचालकांसाठी ‘खुशी क्लिनिक’ निघाली. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये रंगीत पाकिटांतून औषधे मिळू लागली: लघवीच्या वाटेने स्राव असेल तर राखाडी, जखमेसाठी पांढरे, जांघेतल्या गाठीसाठी काळे. प्रयोगशाळेची वाट न बघता त्याच भेटीत उपचार होतात, हा मोठा फायदा. पण पाकीट लक्षण पाहून दिले जाते. ज्याला लक्षणच नाही तो सुटतो, आणि जोडीदाराला संसर्ग देत राहतो.

ही उणीव काही अंशी भरली बोटाला टोचून करायच्या चाचणीने. एकाच पट्टीवर एचआयव्ही आणि उपदंश दोन्ही तपासता येतात, निकाल अर्ध्या तासाच्या आत मिळतो, त्यामुळे नाक्यावर किंवा कारखान्याच्या आवारातही शिबिर घेता येते. पट्टीवर एचआयव्हीचा संशय आला तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, पक्की तपासणी करावी लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या: सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, आणि संमतीशिवाय चाचणी करायला मनाई करणारा, गोपनीयतेची हमी देणारा २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा अमलात आला. परमा आणि क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून पसरणारा आणखी एक संसर्ग) यांची खात्रीची चाचणी मात्र लघवीच्या नमुन्यावर, महागड्या यंत्रावर होते. म्हणून शिबिरात बोट पुढे करणाऱ्या पुरुषाला या दोन संसर्गांविषयी सहसा काहीच कळत नाही.