गिनीपिग : निवारा व स्वच्छता

गिनीपिग (कॅव्हिया पोर्सेलस) हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला कृंतक प्राणी. पेरू, बोलिव्हिया व इक्वाडोरमधील डोंगराळ खेड्यांत तो आजही स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा फिरताना दिसतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात पोहोचला. पिंजरा त्याच्या वाट्याला नंतर आला. तो फारसा चढत नाही, उड्या मारत नाही आणि कळपाने राहतो. त्यामुळे त्याच्या घराचे माप उंचीत न धरता जमिनीच्या क्षेत्रफळात धरतात.

दोन गिनीपिगांसाठी सुमारे ७५ सेंमी × १२५ सेंमी, म्हणजे साधारण १० चौरस फूट जागा असावी, ७.५ चौरस फुटांखाली जाऊ नये. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळणारे ससे-पोपटांचे पिंजरे याच्या निम्मेही नसतात. अमेरिकेतील प्रयोगशाळांसाठीच्या मार्गदर्शिकेत ३५० ग्रॅमपेक्षा जड प्राण्याला सुमारे ६५२ चौरस सेंमी जागा सांगितली आहे, पण ती प्रयोगशाळेतील किमान मर्यादा आहे; घरासाठी ते माप धरू नये. एकट्याने ठेवलेला गिनीपिग मलूल होतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमावलीपासून त्यांना किमान जोडीने ठेवणे बंधनकारक आहे. जोडी शक्यतो दोन माद्यांची, किंवा खच्ची केलेला नर व मादी अशी निवडतात.

जाळीचे चौकोनी तुकडे प्लास्टिकच्या क्लिपांनी जोडून भिंती करायच्या आणि तळाला पन्हळी प्लास्टिकच्या शीटच्या कडा १५ सेंमी वर दुमडून ट्रे करायचा, हा सर्वांत स्वस्त व सोयीचा प्रकार. ३५ सेंमी उंचीची भिंत पुरते. घरात मांजर असेल तर मात्र झाकण हवेच. तळाला तारेची जाळी अजिबात नको. तिच्यावर तळवे सोलवटतात, जखमेत जंतू शिरतात आणि पाय सुजतो. हा आजार हाडापर्यंत गेला की बरा होणे कठीण असते. लपायच्या खोपटाला दोन दारे ठेवावीत, नाहीतर दांडगा सोबती दुसऱ्याला आत कोंडून धरतो.

स्वच्छतेचा खरा प्रश्न मूत्राचा आहे. लेंड्या कोरड्या असतात, केरसुणीने गोळा होतात. मूत्रातून मात्र अमोनिया सुटतो. या प्राण्याचे नाक जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असते, त्यामुळे माणसाला वास येईपर्यंत त्याची श्वासनलिका बराच काळ चुरचुरत असते. अशा श्वासनलिकेला न्यूमोनिया लवकर गाठतो. वास आल्यावर सुगंधी फवारा मारणे हा उपाय नव्हे. बहुतेक वेळा जागा कमी पडत असते किंवा अंथरूण उशिरा बदलले जात असते.

अंथरुणाला कागदाचा लगदा किंवा धूळविरहित लाकडी छिलके ५ ते ७ सेंमी जाड पसरतात. वखारीतला बारीक भुसा फुकट मिळतो म्हणून आणला जातो, पण त्याची धूळ नाकाडोळ्यांत जाते. सीडरचे (देवदारासारख्या सुगंधी लाकडाचे) छिलकेही टाळावेत. दुसरा मार्ग फ्लीसचा, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचा : वर फ्लीस, खाली जाड टॉवेल. नवे फ्लीस पाणी वरच अडवते, म्हणून सॉफ्टनर न घालता दोन-तीनदा गरम पाण्याने धुवावे. वर थोडे पाणी ओतल्यावर थेंब मण्यांसारखे राहिले तर ते अजून तयार नाही, झिरपून गेले तर तयार. धुण्याआधी केस झटकले नाहीत तर वॉशिंग मशीनची जाळी तुंबते.

गिनीपिग खाता खाताच मलमूत्र करतात. या सवयीचा फायदा घेऊन गवताच्या घमेल्याखाली उथळ ट्रे ठेवला आणि तो दिवसाआड बदलला की बाकी जागा बरीच कोरडी राहते. लेंड्या रोज काढाव्यात, सगळे अंथरूण आठवड्यातून एकदा बदलावे. थोडे जुने, कोरडे गवत परत ठेवले तर ओळखीचा वास राहतो आणि नर जागेवर खुणा करत फिरणे कमी करतात.

ट्रेवर साचणारा पांढरा थर मूत्रातील कॅल्शियमचा असतो. व्हिनेगर व पाणी समभाग करून १५ मिनिटे ठेवल्यास तो सुटतो. निर्जंतुकीकरणासाठी एक भाग ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळून १० मिनिटे ठेवतात, मग भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवतात. ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. मूत्र आधी धुऊन काढावे, कारण ब्लीच व अमोनियातूनही विषारी वायू तयार होतो. फरशीला लावले जाणारे फिनाईल इथे वापरू नये. ते पायांना चिकटते आणि चाटण्यातून पोटात जाते.

त्याला १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. २७ च्या पुढे उष्माघाताची भीती. विदर्भातील मे महिन्यात कुलर किंवा एसीच्या खोलीला पर्याय नाही. हवेचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. शहाबादी फरशीचा एक तुकडा आडवा टाकला तर प्राणी आपणहून त्यावर पसरतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात फ्लीस वाळत नाही, म्हणून चार-पाच संच हवेत. गवत बंद प्लास्टिकऐवजी सुती पोत्यात ठेवावे, बुरशीचा कोंदट वास आला तर सरळ फेकावे. कुसळी गवत तर नकोच. त्याची कुसळे हिरडीत व डोळ्यांत रुततात. याच दिवसांत मागचा भाग ओला राहिला तर माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरू शकतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ उलटे करून पाहावे, अळी दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी अडकते; रोज बोटाने दाबून पाणी येते का पाहावे, आतले शेवाळ ब्रशने काढावे. क जीवनसत्त्व पाण्यात मिसळू नये. ते लवकर नष्ट होते आणि चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो. नखे साधारण महिन्याने कापावीत. आंघोळ क्वचितच, ती आजारपणात वा केस फार चिकटल्यावर. म्हाताऱ्या नरांच्या गुदपिशवीत मऊ लेंड्या साचतात, त्या कोमट पाण्याने व तेलाच्या बोटाने हळूच काढाव्या लागतात. नवा प्राणी दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा. सशासोबत एकत्र ठेवू नये, कारण सशात लक्षणे न दिसताही असणारा बॉर्डेटेला जिवाणू गिनीपिगाला न्यूमोनिया देऊ शकतो. केस गळून गोल चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो आणि तो माणसालाही लागतो, तेव्हा हातमोजे घालूनच साफसफाई करावी.