थंडीत पिकअप का पकडत नाही, आणि पकडली की किती तापवायची

जानेवारीत निफाडकडे पहाटे पारा ५ अंशांच्या खाली उतरला की कुठून तरी तो आवाज येतोच, कुणाची तरी पिकअप घर्र घर्र करतेय पण पकडत नाहीये. मग सगळे म्हणणार बॅटरी गेली. बॅटरीचा वाटा असतो, पण खरी गोष्ट इंजिनाच्या आत असते.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा साधारण १६-१७ पट दाबतो, त्या दाबानेच हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. पण ब्लॉक, हेड, पिस्टन सगळं गारठलेलं असेल तर ही उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. त्यासाठी हीटर प्लग असतो. चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो ना, तेव्हा त्या प्लगचं टोक लालभडक होत असतं, ८०० अंशांच्या पुढे. दिवा विझायच्या आधीच सेल्फ मारणारे बघितले की जीव हळहळतो, थांबायचं असतं फक्त काही सेकंद.

त्यात ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं, म्हणजे सेल्फला जोर जास्त लागणार, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी कमी ताकद देणार कारण तिच्यातली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांना तर तिची ताकद जेमतेम निम्म्यावर येते.

लडाखमध्ये याच्याही पुढचं होतं, डिझेलच गोठतं. डिझेलमध्ये मेण असतं, गारठ्यात त्याचे बारीक कण होतात आणि फिल्टर चोंदतो. आपल्याकडच्या मानकात फिल्टर चोंदायची मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश धरलीय, त्यामुळे मे महिन्यात ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल जानेवारीत गाडीत ओतलं तर आपल्याकडेही त्रास होऊ शकतो. लेहकडे ड्रायव्हर लोक टाकीखाली शेगडी ठेवून डिझेल पातळ करायचे, फार धोक्याचं काम. २०१९ला इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. इकडून गाडी घेऊन जाणार असाल तर इकडे मैदानात भरलेलं डिझेल वाटेत संपवून हेच भरा, आणि रेडिएटरमध्ये नुसतं पाणी अजिबात नको, बर्फ होताना पाणी ९ टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो.

आता तापवायचं. पंधरा-वीस मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवायची सवय सोडा, खरंच सांगतोय. आयडलिंगला डिझेल इंजिन इतकं थोडं इंधन जाळतं की ते लवकर तापतच नाही, उलट न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. सुरुवातीचा पांढरा धूर म्हणजे तेच. आपल्याकडे अर्धा-एक मिनिट बास, लडाखमध्ये काही मिनिटं, मग तापमानाचा काटा वर येईपर्यंत हलक्या पायाने चालवा, टर्बोवर जोर नको. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंग तर गाडी चालल्याशिवाय गरम होतच नाहीत. आणि बंद शेडमध्ये चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

रात्री गोठणाऱ्या ठिकाणी मुक्काम असेल तर हँडब्रेक ओढू नका, ओला ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा आणि तोंड पूर्वेला करा, म्हणजे सकाळचं ऊन थेट बॉनेटवर येतं.