जुन्या ब्रशची मूठ ठेवा, केस सोडा

चोर बाजारातून घासाघीस करून आणलेला दाढीचा ब्रश. मूठ मधासारखी पिवळी, केसांच्या मुळाशी साबणाचं पांढरं कीट. वाटलं, धुतला की झालं. पण जुन्या ब्रशला आधी विचारायचं असतं: तुझं वय काय, आणि हे केस कुणाचे?

पहिल्या महायुद्धात या केसांनी माणसं मारली. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा घट्ट बसायचा तर हनुवटी गुळगुळीत हवी, म्हणून सैनिकांना दाढीचं सामान मिळे. ब्रशला उत्तम केस बॅजर या प्राण्याचे. युद्धात त्यांची आवक आटली आणि बॅजरची नक्कल म्हणून घोड्याचे केस वापरात आले. चीन-सायबेरियाकडचे हे केस नीट निर्जंतुक न होताच कारखान्यांत पोचले. त्यांत अँथ्रॅक्सचे बीजाणू होते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये दोनशेहून अधिक लोकांना लागण झाली. ब्लेडचा बारीकसा ओरखडा, त्यावरून फिरलेला ब्रश, एवढं पुरे. पुळी येते, मधोमध काळी खपली धरते, आणि दुखत नाही. म्हणूनच माणूस गाफील राहतो. मराठीत या रोगाला काळपुळी म्हणतात, ते किती नेमकं आहे!

बीजाणू म्हणजे जिवाणूची कडेकोट झोप. अशा अवस्थेत तो कित्येक दशकं तग धरतो. साबणपाण्याला तो भीक घालत नाही. खात्री हवी तर दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते, आणि त्या वाफेत मुठीचं काय होईल याचा भरवसा नाही. त्यामुळे त्या काळातला घोड्याच्या केसांचा ब्रश हाती आला, तर तो साफ करून वापरायच्या फंदात पडू नये.

माझ्या ब्रशचं वय मुठीनंच सांगितलं. अंगठ्यानं जोरात घासून ती गरम केली आणि हुंगली. जुन्या लाल लाइफबॉयचा वास! म्हणजे फिनॉल. बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइडपासून बेकेलाइट हे प्लास्टिक केलं, पण ते बहुधा काळं-तपकिरी असे. फिकट, अर्धपारदर्शक मुठी फिनॉलपासूनच्याच पण साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या, म्हणजे कॅटालिनच्या. हा प्रकार बाजारात आला १९२० च्या दशकाच्या अखेरीस. साथीचा काळ तोवर सरला होता.

तरीही केस मी काढलेच. दुसऱ्याच्या दाढीचा साबण कशाला जपायचा? ओल्या कापडात धरून, हातमोजे घालून, भुसा उडणार नाही अशा बेतानं ते कापले. खळगी साफ केली आणि रानडुकराच्या केसांचा नवा झुबका एपॉक्सीनं बसवला. कॅटालिनला उकळत्या पाण्यात मात्र टाकू नका, तडा जातो.

आमचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे नव्या केसांवरही महिन्याभरात कीट जमलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबणातलं स्टिअरिक आम्ल यांचा तो न विरघळणारा क्षार. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ब्रश दहा मिनिटं बुडवला, की कॅल्शियम सुटतं आणि पाणी गढूळ होतं. सौम्य आम्लाचं केसांना वावडं नाही.

मूठ ब्रासोनं, म्हणजे पितळ चकचकीत करायच्या पॉलिशनं, घासली. पिवळेपणा हवेतल्या ऑक्सिजनचा आणि वरवरचा. खालून दुधी पांढरा रंग निघाला. बुडाशी रुपयाएवढी जागा मी तशीच पिवळी ठेवली आहे.