मशरूम कोरल: सांगाडा, कायदा आणि टाकीतलं पाणी

कडक प्रवाळ घरी टिकवणं जमत नव्हतं त्या काळात मशरूम कोरल (चकतीच्या आकाराचा समुद्री प्राणी) घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जगलं, आणि ‘नवशिक्यांसाठी मशरूम’ हा शिक्का त्याच्यावर तेव्हाच बसला. 1980 च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातून जीवांसकट आणलेला खडक, येऊ लागला आणि त्याला चिकटून डिस्कोसोमा, ऱ्होडॅक्टिस ही मशरूम न मागवताच आली. ट्यूबलाइटचा बेताचा उजेड आणि पाण्यात साचत जाणारं नायट्रेट यात ॲक्रोपोरा हे कडक प्रवाळ तग धरत नसे. मशरूमची चकती मात्र खडकावर सरकता सरकता तळाचा तुकडा मागे सोडायची आणि त्यातून नवी चकती उभी राहायची.

पुढे मेटल हॅलाइड दिवे आले, ताकदीचे स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारी यंत्रं) आले. 2000 नंतर तर नायट्रेट आणि फॉस्फेट जवळपास शून्यावर नेण्याची चढाओढ लागली. ही सगळी यंत्रणा ॲक्रोपोराच्या रंगासाठी होती. त्याच टाक्यांत मशरूम आकसू लागली, कडा आत वळवून बसू लागली, खडक सोडून प्रवाहाबरोबर भटकू लागली. चांगली टाकी म्हणजे उपाशी पाणी, हे समीकरण मशरूमच्या मुळावर आलं.

आपल्याकडे या विषयाला गाठ बसली ती 2001 मध्ये. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश झाला: सगळे स्क्लेरॅक्टिनियन, म्हणजे चुनखडीचा सांगाडा बांधणारे कडक प्रवाळ, शिवाय काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे. मन्नारच्या आखातातली प्रवाळांची लूट पाहता सरसकट संरक्षणाला पर्याय नव्हता. मालवणच्या खडकांवरच्या प्रवाळांनाही तेच कवच मिळालं. निर्णय योग्यच होता. मात्र त्याची सीमा सांगाड्यावरून आखली गेली, आणि मशरूम कोरल नेमकं त्या सीमेवर येतं.

या एका नावाखाली दोन निराळे प्राणी येतात. एक फंजिया आणि त्याचे भाईबंद: एकांडे, वाळूवर मोकळे पडून राहणारे, खाली दणकट सांगाडा असलेले. ते पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे. दुसरा गट डिस्कोसोमा, ऱ्होडॅक्टिस, रिकॉर्डिया यांचा, म्हणजे कोरॅलिमॉर्फांचा. त्यांना सांगाडा नाही, अनुसूचीत नाव नाही, आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स करारातही ते नाहीत. विकणाऱ्याने बिलावर नुसतं ‘मशरूम’ लिहिलं, तर यांतलं काय विकलं ते कागदावरून कळत नाही.

त्यातच 2006 मध्ये जीवशास्त्रानेच ही सीमा हलवली. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएवरून एका संशोधक गटाने मांडलं, की कोरॅलिमॉर्फ हे मुळात कडक प्रवाळच आहेत. सुमारे 11 ते 13 कोटी वर्षांपूर्वी, हवेत कार्बन डायऑक्साइड चढलेला असताना त्यांचा सांगाडा गेला. पुढच्याच वर्षी भूमध्य समुद्रातल्या कडक प्रवाळांच्या दोन जातींवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आम्लता वाढवलेल्या पाण्यात त्यांचा सांगाडा विरघळला, प्राणी मात्र जिवंत राहिले आणि नेहमीच्या पाण्यात परतल्यावर त्यांनी सांगाडा पुन्हा बांधला. ‘उघडे प्रवाळ’ ही कल्पना पटण्यासारखी वाटू लागली. ती खरी ठरली असती, तर ‘सगळे स्क्लेरॅक्टिनियन’ या शब्दांत टाकीतलं साधं डिस्कोसोमाही ओढलं गेलं असतं, असा युक्तिवाद सहज करता आला असता. 2014 आणि 2016 मध्ये जास्त जनुकं तपासणारे अभ्यास आले आणि कौल उलट गेला: कडक प्रवाळांची शाखा वेगळी, कोरॅलिमॉर्फ त्यांचे जवळचे नातेवाईक.

म्हणून मशरूम बिनधास्त घ्यावं, असं मात्र नाही. कायदा मेलेल्या प्रवाळालाही लागू आहे, आणि मशरूम ज्या दगडावर बसलेलं असतं तो पुष्कळदा प्रवाळाच्या सांगाड्याचाच तुकडा असतो. प्राणी यादीबाहेर, दगड यादीत! सिरॅमिक प्लगवर (छोट्या बैठकीवर) वाढवलेला फ्रॅग, म्हणजे कापून वाढवलेला तुकडा, मागावा, बिलावर शास्त्रीय नाव लिहून घ्यावं. समुद्रातून खरवडून आणलेल्या मशरूमची गरजच उरलेली नाही, कारण धारदार ब्लेडने चार तुकडे केले तरी त्याची चार मशरूम होतात.

सांगाडा नसल्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी मशरूम जवळजवळ खातच नाही. नुसत्या मशरूमच्या टाकीत नियमित पाणी बदलण्याने भागतं. पाणी 24 ते 27 अंश, खारेपणा विशिष्ट गुरुत्वात 1.025 च्या आसपास, नायट्रेट 5 ते 15 पीपीएम, फॉस्फेट मोजता येईल इतकं, उजेड आणि प्रवाह दोन्ही मंद. मुंबईच्या मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) हे तापमान राखणं कठीण आहे. अलीकडे निळ्या एलईडीखाली लाल पेटलेली मशरूम बघून लोक उजेड वाढवतात, ते टाळावं. तो लाल रंग चमकणाऱ्या प्रथिनांचा आहे. 1999 मध्ये मॉस्कोतल्या ॲक्वेरियम दुकानातून घेतलेल्या डिस्कोसोमापासून असंच एक लाल प्रथिन वेगळं केलं गेलं, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशी रंगवायला त्याचे वंशज वापरतात.

जागा निवडतानाही सावध राहावं. पॅसिफिकमधल्या पालमायरा बेटावर 1991 मध्ये मासेमारी जहाज रुतलं. त्याच्या गंजत्या सांगाड्याभोवती ऱ्होडॅक्टिसने कडक प्रवाळांना झाकून टाकलं, आणि ते पसरणं रोखण्यासाठी 2013 मध्ये जहाजाचे अवशेष काढायला घ्यावे लागले. टाकीतही ऱ्होडॅक्टिस शेजाऱ्याला डंख मारून जागा बळकावतं. त्याला वाळूवर, मुख्य खडकापासून सुटा दगड द्यावा. आणि ‘एलिफंट इअर’ म्हणून विकलं जाणारं ॲम्प्लेक्सिडिस्कस लहान माशांच्या टाकीत ठेवूच नये. ते कडा मिटून पिशवी करतं आणि आत आलेला मासा गिळतं.