‘साउंड्स ऑफ सायलेन्स’ : सायमन-गारफंकलच्या दुसऱ्या अल्बमची पार्श्वभूमी

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल या जोडीचा दुसरा स्टुडिओ अल्बम १७ जानेवारी १९६६ रोजी कोलंबिया रेकॉर्ड्सने बाजारात आणला. त्याच महिन्यात शीर्षकगीत ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दोनदा पहिल्या क्रमांकावर होतं. या गाण्याचा जो आवाज जगाला माहीत आहे, तो ठरला त्या दिवशी मात्र दोघांपैकी एकही स्टुडिओत नव्हता. अल्बम इतक्या घाईत का झाला आणि त्यात इतकी जुनी गाणी का आहेत, हे कळायला तिथपासूनच सुरुवात करावी लागते.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वाढलेल्या या दोघांनी १९५७ मध्ये, शाळकरी वयात, ‘टॉम अँड जेरी’ या नावाने एक छोटंसं हिट दिलं होतं. पुढे लोकसंगीताच्या लाटेत कोलंबियाने त्यांना करारबद्ध केलं. निर्माता टॉम विल्सन आणि ध्वनिमुद्रक रॉय हॅली यांच्यासोबत मार्च १९६४ मध्ये ‘वेन्सडे मॉर्निंग, थ्री ए.एम.’ हा पहिला अल्बम मुद्रित झाला आणि ऑक्टोबरमध्ये आला. ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ त्यात होतं, पण फक्त दोन आवाज आणि अकूस्टिक, म्हणजे विजेच्या वाद्यांविना, साथ एवढ्यावरच. बीटल्सच्या धुमाळीत अल्बमकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जोडी जवळपास फुटली. सायमन इंग्लंडला जाऊन तिथल्या फोक क्लबांत एकटा गाऊ लागला, गारफंकल पुन्हा विद्यापीठाच्या अभ्यासाला लागला.

लंडनमध्ये १९६५ च्या उन्हाळ्यात सायमनने ‘द पॉल सायमन साँगबुक’ हा एकल अल्बम केला. आवाज आणि गिटार, दुसरं काही नाही. त्यातल्या बारा गाण्यांपैकी सहा गाणी पुढे ‘साउंड्स ऑफ सायलेन्स’मध्ये आली. दुसऱ्या अल्बमचा अर्धा मसुदा असा लंडनमध्येच तयार झाला होता.

इकडे अमेरिकेत १९६५ च्या वसंतात बॉस्टनच्या एका रेडिओ केंद्रावर रात्री उशिरा ‘द साउंड ऑफ सायलेन्स’चं ते जुनं अकूस्टिक रूप वाजायला लागलं आणि कॉलेजची मुलं ते पुन्हा पुन्हा मागू लागली. सुट्टीत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जमलेल्या विद्यार्थ्यांकडूनही तीच मागणी आली. ही बातमी कंपनीत पोहोचली तेव्हा हवा बदललेली होती. जूनमध्ये बर्ड्स या गटाने बॉब डिलनचं गाणं विजेच्या बारा-तारी गिटारवर वाजवून पहिला क्रमांक मिळवला होता आणि तो गटही कोलंबियाचाच. डिलनचा निर्माता तेव्हा विल्सनच होता. जुन्या अकूस्टिक मुद्रणावर विजेची साथ चढवण्याचा प्रयोग त्याने डिसेंबर १९६४ मध्ये डिलनच्या एका गाण्यावर करूनही पाहिला होता.

त्या उन्हाळ्यात विल्सनने ‘द साउंड ऑफ सायलेन्स’वर तोच प्रयोग करायला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत सेशन वादक, म्हणजे मुद्रणापुरते बोलावले जाणारे वादक, जमवले. अल गॉर्गोनी आणि विनी बेल गिटारवर, जो मॅक बेसवर, शिवाय एक ड्रमर. सायमन-गारफंकलना विचारलं नाही, कळवलंही नाही.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. एरवी आधी ठेका मुद्रित होतो आणि गायक त्यावर गातो. इथे सगळं उलटं होतं. गाणं सव्वा वर्षापूर्वीच गायलं गेलेलं आणि तेही ठेक्याविना. ठेका नसताना गायक शब्दांच्या ओढीने लय जराशी मागेपुढे करतो. अकूस्टिक गाण्यात ते खटकत नाही, उलट जिवंत वाटतं. पण त्यावर ड्रम ठेवला की प्रत्येक हेलकावा उघडा पडतो. ड्रमरने समान लय धरली तर आवाज निसटतात, आवाजांच्या मागे गेला तर ठेकाच डळमळतो. वादकांना शेवटी आवाजांमागेच जावं लागलं. शेवटून दुसऱ्या कडव्याच्या आसपास लक्ष देऊन ऐकलं तर सगळी साथ क्षणभर मंदावून आवाजांची वाट पाहते, हे स्पष्ट कळतं. ड्रम दुसऱ्या कडव्यापासून येतात, त्यामुळे सुरुवात मूळ गाण्यासारखीच उघडी राहते. ही निवड फार मोलाची ठरली. जुना आणि नवा थर एकजीव वाटावेत म्हणून हॅलीने मिश्रणात भरपूर एको (प्रतिध्वनी) वापरला, आणि सांधे बऱ्यापैकी झाकले गेले.

या नव्या रूपाची एकल तबकडी (सिंगल) सप्टेंबर १९६५ मध्ये निघाली. सायमन युरोपात होता. नवं रूप ऐकून तो हादरला, असं नंतर सांगितलं गेलं. लयीबद्दल इतका काटेकोर असलेल्या माणसाला तो मंदावलेला ठेका टोचला असणार, यात नवल नाही. पण गाणं वर चढतच गेलं आणि १ जानेवारी १९६६ च्या यादीत अव्वल ठरलं. मग दोन आठवडे बीटल्स, आणि २२ जानेवारीला पुन्हा हेच.

कंपनीची अडचण अशी की लोकांना हवं असलेलं विजेचं रूप कुठल्याच एलपीवर (पूर्ण अल्बमच्या मोठ्या तबकडीवर) नव्हतं. पहिल्या अल्बमवर होतं ते जुनं. एकल तबकडीची हवा काही आठवड्यांची असते, त्यामुळे सायमनला परत बोलावून डिसेंबरमध्ये धडाधड मुद्रण झालं. विल्सन तोवर कोलंबिया सोडून गेला होता, निर्माता म्हणून बॉब जॉन्स्टन आला. अकरापैकी तीन तुकडे हाताशी होतेच : शीर्षकगीत, आणि एप्रिल १९६५ मध्ये विल्सनसोबत केलेली दोन गाणी, ‘वी’व्ह गॉट अ ग्रूव्ही थिंग गोइन’ आणि ‘समव्हेअर दे कान्ट फाइंड मी’. उरलेले आठ त्या घाईतले.

घाई ऐकू येते. ‘समव्हेअर’ म्हणजे पहिल्या अल्बमच्या शीर्षकगीताचीच गोष्ट, दारूचं दुकान लुटून पहाटे पळणाऱ्या तरुणाची, नव्या चालीत बसवलेली. तिची सुरुवात ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहमच्या ‘अँजी’ या गिटारवादनाच्या उतरत्या बेसवर उभी आहे आणि लगेच पुढचा तुकडा म्हणून ‘अँजी’च वाजतं. ‘रिचर्ड कोरी’चा आधार अमेरिकी कवी एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सनची जुनी कविता आहे. ‘ब्लेस्ड’मधल्या कर्कश गिटारी ‘फोक-रॉक’चं, म्हणजे लोकसंगीत आणि रॉकच्या मिश्रणाचं, लेबल सिद्ध करायला आणल्यासारख्या वाटतात. ‘आय अ‍ॅम अ रॉक’ला मात्र विजेची साथ खरोखर शोभते, आणि एकल म्हणून ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलंही. पण अल्बमची उंची कळते ती ‘कॅथीज साँग’ आणि ‘एप्रिल कम शी विल’मध्ये. पहिल्यात सायमन एकटा, दुसऱ्यात गारफंकलचा आवाज, आणि दोन्हींत फक्त गिटार. काळाच्या रेट्याने त्यांना हात लावला नाही.

अल्बम बिलबोर्डवर एकविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याच डिसेंबरात मुद्रित झालेलं ‘होमवर्ड बाउंड’ अमेरिकी आवृत्तीत नाही. ते वेगळी तबकडी म्हणून काढलं गेलं आणि पाचव्या क्रमांकावर गेलं. ब्रिटिश आवृत्तीत ते घेतलं होतं. अमेरिकेत एलपीवर ते आलं ऑक्टोबर १९६६ च्या तिसऱ्या अल्बममध्ये. तो करताना मात्र दोघांनी स्टुडिओत हवा तेवढा वेळ मागून घेतला.